मदत हवी आहे: दुकानात कुत्री येऊ द्यावीत का? फरशीचा वास जात नाही, पाटी काय लावू?

मापटं
जरा लवकर उत्तर हवं आहे. गिऱ्हाइकं दुकानात कुत्री घेऊन येतात. एका कोपऱ्यात लघवी झाली. ब्लीच ओतलं, नंतर दोनदा फिनेल मारलं, तरी वास येतोच. आता येणारा प्रत्येक कुत्रा तिथेच हुंगतो आणि पाय वर करतो.
दोन प्रश्न. वास कायमचा कसा घालवायचा? आणि ‘प्राण्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी सरळ लावून टाकू का? निम्मे लोक लावा म्हणतात, निम्मे नको म्हणतात. पाटी उद्या रंगवायला द्यायची आहे.

टिपकागद
कसलं दुकान? फरशी कसली, सांधे सिमेंटचे का? ब्लीच किती पाण्यात घातलं होतं? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

ओसरी
पाटी लावा, विषय संपला. केस गळतात, लाळ गळते, पंजाला रस्त्यावरची घाण असते. शिवाय कुत्र्याला घाबरणारं गिऱ्हाईक तक्रार करत नाही, ते परत येतच नाही.

पायवाट
सरसकट बंदी हे उत्तर नव्हे. कुत्रा शिकवलेला असेल तर काहीही होत नाही. दुकानात आणण्याआधी त्याला बाहेर शी-शू करवून आणायचं, पट्टा आखूड ठेवायचा (सव्वा ते दीड मीटर), आत आल्यावर पायाशी बसवायचा. लांब होणारे गुंडाळी-पट्टे मात्र दुकानात अजिबात नकोत. माणूस गल्ल्याशी उभा आणि कुत्रा दोन रॅक पलीकडे, असं होतं. दोरी कुणाच्या पायात अडकली तर चामडी सोलते.

मापटं
किराणा दुकान आहे. फरशी साधी, सांधे सिमेंटचे. ब्लीच तसंच ओतलं, पाणी घातलं नव्हतं. जोरदार असेल तर बरं, असं वाटलं. ओतल्यावर डोळे चुरचुरले, पण म्हटलं चालायचंच.

टिपकागद
चालायचं नाही. लघवीत अमोनिया असतो. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामाइन वायू तयार होतो, डोळे त्यानेच चुरचुरले. लघवी आधी पूर्ण टिपून घ्यायची, ब्लीच नंतर. आणि ब्लीच कशातही मिसळायचं नाही. संडास धुण्याच्या ॲसिडात पडलं तर क्लोरीन सुटतो, बंद खोलीत तो फार घातक.

वास का जात नाही ते सांगतो. लघवी वाळली की तिच्यातल्या क्षारांचे स्फटिक होतात. ते सिमेंटच्या सांध्यांत खोल बसतात. ब्लीच वरचा रंग आणि जंतू घालवतं, खालचे स्फटिक तसेच राहतात. हवा दमट झाली की वास परत सुटतो. आपल्या नाकाला गेला वाटला तरी कुत्र्याला येतच असतो, म्हणून तो पुन्हा तिथेच पाय वर करतो. अमोनिया असलेला फरशी-क्लीनर वापरत असाल तर आधी बंद करा, त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच वाटतो.

आता असं करा:
पहिल्यांदा कोपरा साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुऊन पूर्ण वाळू द्या. ब्लीचचा अंश राहिला तर पुढचं औषध वाया जातं.
रात्री दिवे बंद करून अतिनील टॉर्च मारा. जुनी लघवी पिवळट-हिरवी चमकते. डाग वाटला होता त्यापेक्षा मोठा निघेल, भिंतीवरही फूटभर उंचीपर्यंत निघेल. खडूने हद्द आखून घ्या.
मग पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळतं ते एन्झाइमवालं (लघवीचे घटक तोडणारं) क्लीनर ओता. पुसायचं नाही, सांधे भिजेपर्यंत ओतायचं. लघवी जितकी खोल गेली तितकं खोल ते जायला हवं. वरून प्लॅस्टिकचा कागद अंथरून रात्रभर ठेवा, कारण वाळलं की एन्झाइमचं काम थांबतं. सकाळी टिपून घ्या. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावं लागतं.
तरीही वास आला तर सांध्यांतलं सिमेंट खरवडून नवं भरा आणि त्यावर सीलर (ओल आत झिरपू न देणारा लेप) मारा.

फिनेल या सगळ्यात येत नाही. त्याचा वास वर बसतो, खालचा तसाच.

कडुनिंब
साफसफाईचं टिपकागद यांनी नीट सांगितलं आहे, पण खरा प्रश्न अजून कुणी विचारला नाही. किराणा म्हणजे माल सुटा की पाकीटबंद? तो कोपरा मालापासून किती लांब? पाटीवर काय लिहायचं ते यावर ठरतं.

झुळूक
कुत्रा गाडीत ठेवून खरेदीला जाणाऱ्यांसाठी सांगते: बाहेर २४ अंश असताना बंद गाडीत १० मिनिटांत साधारण ३४ अंश होतात. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. ‘पाचच मिनिटं’ म्हणून कुत्र्याला गाडीत सोडू नका.

मापटं
@झुळूक, गाडीचं मी विचारलेलं नाही.
@कडुनिंब, निम्मा माल सुटा आहे. पोती फरशीवरच असतात, तोंड दुमडून. कोपरा पोत्यांपासून दोन हातांवर. त्याने काय होतं?

कडुनिंब
सगळा फरक त्यानेच पडतो. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं नाक जमिनीपासून चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर असतं आणि तोंड दुमडलेलं पोतंही साधारण तेवढंच. म्हणजे नाक, लाळ आणि अंग झटकल्यावर उडणारे केस थेट उघड्या मालात. नर पाय वर करतो तेव्हा धार पोत्याच्या अंगावर जाते, आणि ताग ती शोषून घेतो. आतल्या दाण्यांना लागलं हे बाहेरून दिसतही नाही. ज्या पोत्याला लागल्याची शंका असेल ते विकू नका. निवडून, चाळून, उन्हात घालून ते चांगलं होत नाही.

पाकीटबंद मालाला धोका जवळजवळ नाही. म्हणून ‘कुत्रा आत की बाहेर’ यावर भांडण्याआधी उघडा माल कुठे आणि किती उंचीवर आहे ते बघा. माल जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर हवा, हा नियम प्राण्यांशिवायही आहे, कारण खालून झाडता-पुसता आलं पाहिजे. कुत्री येणार असतील तर सुटा माल झाकणाच्या डब्यांत, डब्यांचं तोंड निदान कमरेच्या उंचीवर. भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

आणि ट्रॉलीत कुत्रा बसवू देऊ नका. लोक ‘खाली पाय तर लागत नाहीत’ म्हणतात, पण त्याच जाळीत पुढचं गिऱ्हाईक भाजी ठेवतं.

ओसरी
म्हणजे माझंच बरोबर. बाहेर बांधा म्हणावं.

पायवाट
बाहेर बांधणं आतल्यापेक्षा वाईट. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून तो एरवी चावला नसता तिथेही चावतो. कुणीतरी मूल हात लावतं, मालक आत असतो. चोरीही होते, आणि फरशी तापली की पंजे भाजतात. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सहन होत नसेल तर त्यालाही होत नाही.

ओसरी
मग मुसकं घाला आणि आणा.

पायवाट
मुसकं कोणतं, तेही बघा. कापडी पट्टीचं मुसकं तोंड आवळून धरतं. कुत्रा घामाने नाही, धापा टाकून अंग गार ठेवतो, आणि त्या मुसक्यात त्याला धापा टाकता येत नाहीत. ते दवाखान्यात दोन-चार मिनिटांपुरतं ठीक. बाहेर वापरायचं ते पिंजऱ्यासारखं जाळीचं, ज्यात तोंड पूर्ण उघडतं आणि पाणी पिता येतं. आणि मुसक्याने लघवी थांबत नाही, मूळ प्रश्न लघवीचा आहे.

सांजवात
पाटीबद्दल. नुसतं ‘प्राण्यांना प्रवेश नाही’ असं लिहू नका. अंध व्यक्तीसोबतचा मार्गदर्शक श्वान आणि इतर प्रशिक्षित सहाय्यक श्वान यांना अपवाद ठेवा.
तुम्ही कुठल्या देशात आहात ते लिहिलं नाही आणि नियम वेगवेगळे आहेत. युरोपीय संघाच्या ८५२/२००४ या नियमात खाद्यपदार्थ जिथे तयार होतात, हाताळले जातात किंवा साठवले जातात तिथे पाळीव प्राणी येऊ नयेत अशी व्यवस्था करायला सांगितलं आहे. विशेष बाब म्हणून परवानगी मिळू शकते, पण दूषितपणा टाळण्याची जबाबदारी राहते. भारतात २०११च्या खाद्य परवाना नियमांच्या अनुसूची ४ मध्ये जनावरं, पक्षी, पाळीव प्राणी खाद्य आस्थापनेत येऊ देऊ नयेत असं आहे. अमेरिकेत अपंगांच्या कायद्यानुसार सहाय्यक श्वानाला गिऱ्हाइकांच्या भागात येऊ द्यावंच लागतं. तिथे दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: हा श्वान अपंगत्वामुळे गरजेचा आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? कागदपत्रं मागता येत नाहीत. मात्र श्वान आवरत नसेल किंवा आत घाण करत असेल तर त्याला बाहेर न्यायला सांगता येतं.
नोकरांना हेही शिकवा: कामावरच्या श्वानाला चुचकारायचं नाही, खायला घालायचं नाही, त्याचा पट्टा धरायचा नाही. बोलायचं ते माणसाशी.

मापटं
कायदा कळला, धन्यवाद. अपवाद घालतो. पण डबे लगेच मिळणार नाहीत. आजपासून काय करता येईल? आणखी एक, रॅकखाली उंदरांचं औषध ठेवलेलं असतं. कुत्र्याने चाटलं तर?

टिपकागद
उघडं ठेवलंय??

मापटं
हो, पुठ्ठ्यावर, गोळ्या.

पायवाट
आत्ता उठून उचला. बरीचशी उंदीरमार औषधं रक्त गोठू न देणारी असतात, आणि त्यात गोडसर धान्य मिसळलेलं असल्यामुळे कुत्रा आवडीने खातो. दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही, मग हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शीतून रक्त येतं. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता पाकीट घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. उतारा म्हणून के१ जीवनसत्त्व देतात, काही औषधांसाठी ते तीन-चार आठवडे द्यावं लागतं. तुमच्या औषधात हेच आहे की दुसरं काही, ते पाकिटावर बघा. काही औषधांना उतारा नसतो.

कडुनिंब
उघडं आमिष सुट्या मालाच्या दुकानात कुत्री येत नसली तरी चालत नाही. उंदीर गोळी तोंडात धरून पोत्यापर्यंत नेतो. कुलपाच्या पेट्या घ्या, किंवा आत फक्त सापळे लावा. सापळा भिंतीला काटकोनात, चाप भिंतीकडे, दर दोन-तीन मीटरवर एक. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, मोकळ्या मधोमध ठेवलेला सापळा रिकामाच राहतो.

मापटं
बरं. उंदरांसाठी मांजरही आहे, रात्री पोत्यांवर झोपतं.

ओसरी
अहो! हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना. गिऱ्हाइकाचा कुत्रा दहा मिनिटं येतो, मांजर आठ तास पोत्यावर.

झुळूक
मांजर हवंच. तिच्या वासानेच उंदीर लांब राहतात.

कडुनिंब
लांब राहत नाहीत, दिसेनासे होतात. मांजर असताना ते मांडणीच्या मागे आणि छतात सरकतात. उंदीर आत येण्याची वाट तशीच राहते, शटरखालची फट. मांजराची विष्ठा मालाजवळ पडली तर टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका. संसर्ग झालेलं मांजर एक ते तीन आठवडे त्याची अंडी टाकतं, ती बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत बाधक होतात, आणि गरोदर बाईसाठी हा संसर्ग गंभीर असतो. शिवाय मांजराची ॲलर्जी केसांमुळे नाही, लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनामुळे होते. ते इतकं बारीक आणि चिकट असतं की तागावर महिनोन् महिने राहतं आणि पोत्यासोबत गिऱ्हाइकाच्या घरी जातं.
मांजराला हाकलून देऊ नका, तिची चूक नाही. घरी न्या किंवा कुणाच्या तरी घरी द्या. दुकानात रात्री कोंडू नका.

आजपासून एवढं:
सुट्या मालाचा भाग दोरी किंवा लाकडी फळी लावून वेगळा करा. पोती फळ्यांवर चढवा, उघड्या तोंडांवर घट्ट झाकणं.
कुत्रा घेऊन आलेल्याला दारातच विचारा काय हवं आहे, यादी घ्या, माल दारात आणून द्या.
ज्याने फरशी पुसली किंवा प्राण्याला हात लावला त्याने २० सेकंद साबणाने हात धुतल्याशिवाय माप धरू नये. हातमोजे धुण्याला पर्याय नाहीत.

टिपकागद
पुन्हा घाण झाली तर लागणारी पेटी दाराशी ठेवा: हातमोजे, टिपकागदाचा गठ्ठा, पुठ्ठ्याचं खरवडणं, पिशवी, ‘ओली फरशी’ची पाटी, वेगळं फडकं आणि बादली. विष्ठा असेल तर आधी वरून कागद टाका, शिंतोडे उडत नाहीत. उचला, साबणाने धुवा, मगच ब्लीच. ५ टक्के ब्लीच असेल तर २० मिली घेऊन पाण्याने १ लिटर करा, रोज ताजं. १० मिनिटं ओलं राहू द्या, मग पाणी मारा. घाणीवर थेट ओतलं तर ब्लीच घाणीशीच लढून संपतं. विष्ठेतल्या गोल जंताच्या अंड्यांवर ते तसंही चालत नाही. ती उचलूनच जातात, आणि ताजी असताना बाधक नसतात, म्हणून लगेच उचलणं महत्त्वाचं.

मापटं
पाटी अशी देतो: ‘आत सुटं धान्य आहे. कृपया पाळीव प्राणी आत आणू नयेत. मार्गदर्शक व सहाय्यक श्वानांचं स्वागत आहे. घंटी वाजवा, माल दारात मिळेल.’ चालेल?

सांजवात
चालेल. दाराबाहेर, डोळ्यांच्या उंचीवर लावा. गल्ल्याशी लावली तर वाचेपर्यंत कुत्रा आत आलेला असतो.

पायवाट
डबे आले आणि सगळा माल झाकला गेला की, तुमच्याकडच्या नियमात बसत असेल तर, पाकीटबंद भागापुरतं पुन्हा बघा. घंटी मात्र ठेवा.

कडुनिंब
पाटी झाली. आता शटर बंद करून खालची फट बघा. ६ मिलिमीटर फट उंदराच्या पिल्लाला पुरते. साधी पेन्सिल सरकवून बघा, आरपार गेली तर उंदीरही येतो.

मापटं
आत्ता बघितलं. पेन्सिल दोन ठिकाणी आरपार गेली, डाव्या टोकाला तर बोटही गेलं. गोळ्या उचलल्या. फटीला कसली पट्टी लावू, रबराची चालेल?

कडुनिंब
नुसतं रबर ते कुरतडतात. धातूच्या चौकटीतली दाट ब्रश-पट्टी घ्या, शटर खाली आल्यावर जमिनीला दाबून बसेल अशी. डाव्या टोकाला जमीन खचली असणार. तिथे आधी सिमेंट भरून पातळी करा, मग पट्टी.