पुढे डाना 60 बसवताना स्टिअरिंगचे काय करावे?

प्रश्न:
माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकला पुढे पाट्यांच्या स्प्रिंगवर डाना कंपनीचा 44 क्रमांकाचा (डाना 44) एक्सल आहे आणि चाके 37 इंची आहेत. चाके पूर्ण वळवलेली असताना दगडावरून चढायचे म्हटले की सगळा ताण एक्सल शाफ्टच्या क्रॉसवर (शाफ्टचे दोन भाग जोडणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटवर) येतो. मागच्या वेळी क्रॉसचे कप निसटले आणि शाफ्टचे कान फाकले. म्हणून त्याहून दणकट असा जुना डाना 60 बसवायचे ठरवले आहे; त्यात चाक किंगपिन नावाच्या खिळीवर वळते. सध्या पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सचा दांडा) पुढे-मागे हलतो आणि त्याला जोडलेला दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, चासीच्या कडेने जाऊन चालकाच्याच बाजूच्या नकलला (चाकासह वळणाऱ्या भागाला) जोडलेली आहे. ही रचना तशीच ठेवता येईल का? वेल्डिंगला हात घालण्यापूर्वी कोणती मापे घ्यावीत?

पहिले उत्तर:
निर्णय योग्य आहे. डाना 44 चे क्राउन व्हील साडेआठ इंचांचे असते, डाना 60 चे पावणेदहा इंचांचे. शाफ्ट आणि क्रॉसही त्याच मानाने जाड असतात. मात्र खरेदीपूर्वी डिफरन्शिअलचा गोळा कोणत्या बाजूला आहे ते पाहा, कारण ट्रान्स्फर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीतून) पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो त्याच बाजूला तो हवा. पुढचे आणि मागचे गिअर गुणोत्तरही जुळले पाहिजे. मागे 4.56 असेल आणि घेतलेल्या एक्सलमध्ये 4.10 असेल, तर नुसते क्राउन-पिनियन बदलून भागत नाही, कारण डाना 60 मध्ये 4.10 पर्यंत एक कॅरिअर (क्राउन व्हील ज्यावर बसते तो भाग) आणि 4.56 पासून पुढे दुसरा लागतो.

दुसरे उत्तर:
जुने स्टिअरिंग ठेवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. पाटा दबला की एक्सल नुसता वर जात नाही, थोडा मागे किंवा पुढेही सरकतो. ड्रॅग लिंक चासीच्या दिशेने असल्यामुळे ती ही हालचाल थेट नकलपर्यंत पोहोचवते आणि स्टिअरिंग स्थिर धरले तरी चाक वळते. गाडी उंच केली की लिंकचा उतार वाढतो आणि हा दोष आणखी जाणवतो. त्याऐवजी पिटमन आर्म डावी-उजवीकडे फिरवणारा स्टिअरिंग बॉक्स बसवून ड्रॅग लिंक चालकाच्या विरुद्ध बाजूच्या नकलपर्यंत आडवी न्यावी. किंगपिनच्या एक्सलवर हे सोपे जाते, कारण किंगपिनच्या वरच्या झाकणाच्या जागी चार स्टडवर बसणारा उंच स्टिअरिंग आर्म लावता येतो. लिंक जितकी लांब आणि जितकी आडवी, तितका बंप स्टिअर, म्हणजे पाटा दबताना चाक आपोआप वळण्याचा हा दोष, कमी. बॉक्सच्या जागी चासीला आतून-बाहेरून जाड पट्टी द्या, कारण मोठ्या चाकांचा झटका तिथेच बसतो आणि चासीला तडे तिथूनच जायला लागतात.

प्रश्नकर्ता:
बॉक्स बदलण्याचे पटले. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, किती ठेवावा? पिनियन (प्रोपेलर शाफ्ट जिथे एक्सलला जोडतो ते टोक) वर उचलला तर शाफ्टचा कोन सुधारेल, असे वाटते.

दुसरे उत्तर देणारे:
शाफ्टचा कोन सुधारेल, पण कॅस्टर जाईल, कारण एक्सल अखंड असल्याने पिनियन जितके अंश वर जातो तितकेच अंश कॅस्टर कमी होतो. मोठ्या चाकांवर चार ते सहा अंश धन कॅस्टर असला तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येते. तो शून्याजवळ गेला की गाडी रस्त्यावर भरकटते. दोन्ही कोन हवे असतील तर एक्सलच्या नळीच्या टोकाचे, नकल ज्यांत बसतात ते धारक कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. पाटे एक्सलवर जिथे टेकतात त्या बैठकांच्या बाबतीतही सावध राहा. काही डाना 60 मध्ये गोळ्याच्या बाजूची पाट्याची बैठक ओतीव घराचाच भाग असते, त्यामुळे ती सरकवता येत नाही आणि चासीवरील पाट्यांचे अंतर तिच्याशी जुळवावे लागते.

वेल्डिंगपूर्वी एक तपासणी अवश्य करा. प्रत्येक पाट्याच्या जुडग्यातील फक्त मुख्य पाटा ठेवा, एक्सल वेल्डिंगच्या तात्पुरत्या टाक्यांवर धरा आणि ऑइल पॅनच्या तळाला मातीचा गोळा चिकटवून जॅकने एक्सल बंप स्टॉपपर्यंत (एक्सलची वरची हालचाल जिथे अडते तिथपर्यंत) उचला. मातीवर ड्रॅग लिंकचा ठसा किती खोल उमटतो, त्यावरून खरी मोकळीक कळते. हीच तपासणी चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुन्हा करा.

तिसरे उत्तर:
चाकांचाही विचार करा. या एक्सलला 165.1 मिलिमीटरच्या वर्तुळावर आठ बोल्ट असतात. दिसायला सारखी वाटणारी 170 मिलिमीटरची रिम त्यावर बसत नाही. कॅलिपर मोठे असल्यामुळे बहुतेक 15 इंची रिम त्यांना घासतात, म्हणून 16 इंची किंवा त्याहून मोठी घ्यावी. मागचा एक्सलही आठ बोल्टचा नसेल, तर एकच स्टेपनी दोन्हीकडे चालणार नाही. कॅलिपर मोठे असल्यामुळे ब्रेकचे पेडल खोल जात असेल, तर हवा काढल्यावर मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) तपासा.