फेसबुकवरचे आंद्रे मार्कोविच: या लोकप्रियतेने साहित्याचं भलं होतं का?

अक्षरवाट: फ्रेंच अनुवादक आंद्रे मार्कोविच यांनी १९९१ ते २००२ या काळात रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीचं सगळं कथात्म साहित्य नव्याने फ्रेंचमध्ये आणलं. आधीचे अनुवादक त्याची धसमुसळी, पुनरुक्तीने भरलेली वाक्यं घासूनपुसून सुबक करत. यांनी खडबडीतपणा तसाच ठेवला, आणि त्यावरून वादही ओढवून घेतला. २०१३ पासून ते फेसबुकवर नेमाने दीर्घ लेख लिहितात. रशियन कवी पुश्किनच्या ओळीची लय, घरच्या आठवणी, राजकारण, सगळं त्यात येतं. निवडक लेखांचं ‘पार्ताज’ हे पुस्तक २०१५ साली निघालं. त्यांना तिथे मिळालेला वाचक मला फार मोलाचा वाटतो. अनुवादक कुठे अडतो, काय सोडून देतो, हे चारचौघांत दाखवायची हिंमत किती जणांत असते?

सांजवारा: नाही पटलं. लेखाला हजार लोकांनी पसंती दिली म्हणून त्यांतल्या दहांनी तरी पुश्किन उघडला असं कशावरून? त्यांचं ‘ओंब्र द शीन’ हे पुस्तक घ्या. चिनी भाषा येत नसताना, इतरांच्या अनुवादांच्या आधारे त्यांनी चीनच्या तांग राजवटीतल्या कविता फ्रेंचमध्ये आणल्या. नवख्या अनुवादकाला कुठल्या प्रकाशकाने हे करू दिलं असतं? नाव मोठं झालं की प्रश्न विचारणारे कमी होतात, माझा आक्षेप एवढाच आहे.

अक्षरवाट: पण चिनी येत नाही हे त्यांनी कधी लपवलेलं नाही. आपल्याकडे रशियन कादंबऱ्या इंग्रजीवरून मराठीत आल्या, त्यांवर आपण वाढलोच ना?

सांजवारा: वाढलो, म्हणून तर काय निसटतं ते ठाऊक आहे. आणि दोस्तोयेव्हस्कीचा खडबडीतपणा जपण्यासाठी भांडलेल्या माणसाने मूळ आवाज न ऐकता कविता अनुवादावी, हे मला खटकतं.

रेवातीर: तुम्ही दोघंही एक नाव विसरताय. फ्रान्स्वाज मॉर्वां. चेखवची नाटकं या दोघांनी मिळून फ्रेंचमध्ये आणली आणि ती तिथल्या रंगमंचावर खेळली जातात. फेसबुकला मात्र एकच चेहरा लागतो. जोडीने केलेलं काम एकाच्या नावावर जमा होत जातं, आणि बहुतेक वेळा मागे राहते ती बाई. हे मार्कोविच यांचं पाप नाही, पण लोकप्रियतेचं मोजमाप करताना हे धरायलाच हवं.

अक्षरवाट: मॉर्वांबद्दल पूर्ण सहमत. म्हणूनच २०१९ मध्ये दोघांनी मिळून काढलेली ‘मेझ्युर’ ही प्रकाशनसंस्था मला महत्त्वाची वाटते. आणखी एक सांगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा रशियन भाषेत वाढलेल्या या माणसाने पुतिनच्या विरोधात ठामपणे लिहिलं. त्याच वर्षी त्यांचं युक्रेन आणि रशियाबद्दलचं छोटं पुस्तक सय प्रकाशनाने काढलं. मासिकाच्या पुढच्या अंकाची वाट पाहत बसले असते तर ते शब्द वेळेवर पोहोचले असते का?

सांजवारा: युद्धाबद्दल लिहिलं ते योग्यच केलं. पण ‘पार्ताज’मध्ये न आलेल्या लेखांचं काय? पुस्तक ग्रंथालयात राहतं. फेसबुकवरचा जुना मजकूर शोधून बघा, किती हाती लागतो ते. इतक्या वर्षांचं लेखन एका अमेरिकन कंपनीच्या मर्जीवर सोडायला मी तयार नाही, वाचक कितीही असोत.