मदत हवी आहे: चर्चमधला खून, रविवारच्या आत

अर्धी_कादंबरी (बुधवार, रात्री ११.४०)
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकाच्या रहस्यकथा स्पर्धेसाठी लिहितेय. रविवारी रात्री बारापर्यंत पाठवायचीय आणि मी अडकलेय. प्रश्न अगदी सरळ आहे. चर्चमध्ये भर मासमध्ये (म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत) फादर वाइन पितात आणि तिथेच कोसळतात. वाइनमध्ये विष. शेजारच्या चाळीतल्या कुलकर्णीबाई (निवृत्त शिक्षिका, आगाऊ, पण मनाने चांगल्या) छडा लावतात. रक्तपात नाही, शिव्या नाहीत, शेवटी सगळे बाईंच्या घरी चहा पितात अशी कथा आहे. मला फक्त एवढंच सांगा, कुठलं विष घेऊ जे लगेच लक्षात येणार नाही? खुनी ठरलाय, कारण ठरलंय, बाकी सगळं झालंय. प्लीज लवकर.

पहिला_प्रतिसाद
मी पयला! वाचतोय.

गिरगावची_गॅलरी
चाळीत कुणालाही पत्ता न लागू देता काही करता येतं ही कल्पनाच आधी पटत नाही. विष सोडा, आमच्याकडे साधं बोंबील तळले तरी तीन मजल्यांना कळायचं.

संपादक
विषाची नावं, मात्रा वगैरे या धाग्यावर नकोत. कथेत 'विष' एवढं लिहिलं तरी भागतं. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

वसई_वारा
ताई, आधी काही गोष्टी सांगा. चर्च कॅथलिक की प्रोटेस्टंट? मुंबईत दोन्ही आहेत. फोर्टचं सेंट थॉमस कॅथीड्रल आणि कुलाब्याचं अफगाण चर्च हे कॅथलिक नव्हेत. काळ कुठला? आणि दिवस कुठला? रविवार, सण की साधा वार?

अर्धी_कादंबरी
दिवसाचा काय संबंध? फादर आहेत म्हणजे कॅथलिकच ना. काळ १९८४, कारण बाईंकडे मोबाइल नकोय मला. चर्च काल्पनिक आहे, माझगाव-भायखळ्याच्या बाजूला कुठेतरी. विषाचं सांगा ना कुणीतरी.

कायद्याचं_बोला
१९८४ घेतलंत हे उत्तम केलंत, तुमच्याही लक्षात आलं नसेल किती ते. मुंबईत तेव्हा कोरोनर होता! संशयास्पद मृत्यूची चौकशी त्याच्याकडे जायची. १८७१चा कायदा, १९९९ मध्ये मुंबईत तो रद्द झाला. म्हणजे तुमच्या कुलकर्णीबाईंना कोरोनरसमोर साक्षीला उभं करता येईल. आजचा काळ घेतला असतात तर पोलिसांचा एडीआर (अपघाती मृत्यूची नोंद), पंचनामा आणि सीसीटीव्ही, तीन पानांत कथा संपली असती. खुनाचं कलम अर्थात ३०२. आता नव्या न्याय संहितेत ते १०३ आहे, पण तुमच्या काळात ३०२च. आणि दुसऱ्या एखाद्या फादरना खुन्याने पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) सगळं सांगितलंय असं काही असेल तर तेही विचारा. पाद्रीला साक्ष नाकारण्याचा अधिकार आपल्या पुराव्याच्या कायद्यात नाही. वकील-अशील, नवरा-बायको यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण आहे, पाद्रीला नाही.

वसई_वारा
कायदा काहीही म्हणो, कुठलाही फादर ते बोलणार नाही. चर्चच्या स्वतःच्या कायद्यातलं कलम, कॅनन ९८३, सांगतं की पापनिवेदनाचं गुपित शब्दाने, खुणेने, कशानेही फोडायचं नाही. तेव्हा 'फादरनी डोळ्यांनी इशारा केला' असला प्रकार कथेत कृपया नको. आमच्याकडे त्यावर हसतील.

कायद्याचं_बोला
मी कोर्टाबद्दल बोलतोय, तुम्ही चर्चबद्दल. दोघंही बरोबर आहोत.

वसई_वारा
तेच म्हणतोय. पण ताईंनी हा प्रश्न विचारलाच नव्हता.

अर्धी_कादंबरी
हो, नव्हता!! पापनिवेदन कथेत नाहीच आहे. विष!!

जागा_तिथे_जीव
कारण काय आहे खुनाचं? मुंबईत खून करायचा तर जागेसाठीच करावा. पागडी, भाडेकरू, गावठाणातली जमीन. दुसरं कुठलंही कारण वाचकाला पटणार नाही.

अर्धी_कादंबरी
जागाच आहे. चर्चच्या मागे जुनी वाडी, भाडेकरू फादरच्या बाजूचे, आणि हिशेब बघणारा एक लाघवी माणूस जमीन विकायला निघालेला. तोच खुनी. फादर गुड फ्रायडेच्या माससाठी उभे राहतात, शेकडो लोक, वाइनचा पेला उचलतात आणि...

वसई_वारा
थांबा थांबा. गुड फ्रायडे?
गुड फ्रायडेला मिस्सा (तुम्ही मास म्हणता ती) नसते, ताई. वर्षातला तो एक दिवस असा की मिस्सा होतच नाही. दुपारी तीनच्या सुमारास विधी होतो: वाचनं, क्रुसाची वंदना, आणि आदल्या दिवशी, आज्ञागुरुवारी अर्पण करून ठेवलेला ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर). वाइनचा पेला वेदीवर येतच नाही. तुमचे फादर त्यातून काही पिऊच शकत नाहीत.

अर्धी_कादंबरी
...

अर्धी_कादंबरी
सत्तावीस पानं झालीयत.

पहिला_प्रतिसाद
तारीख बदला. ईस्टर संडे करा.

अर्धी_कादंबरी
नाही जमणार. त्या दिवशी सगळं सुनसान हवंय. दुकानं बंद, लोक घरी, उन्हाची काहिली. १९८४चा गुड फ्रायडे २० एप्रिलला होता, कॅलेंडर शोधून काढलंय मी. बाई त्या दिवशी बँकेत जाऊन खातं तपासतात...

कायद्याचं_बोला
गुड फ्रायडेला बँक बंद.

अर्धी_कादंबरी
मी झोपते.

इतिहासवेडा
चर्चचा विषय निघालाच आहे म्हणून. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच. कथेत अशी घंटा आणता आली तर काय बहार येईल!

गिरगावची_गॅलरी
१९८४च्या माझगावात १७३९ची घंटा कशाला हवी? तुम्ही पाककृतीच्या धाग्यावर पण चिमाजी आप्पा आणले होते.

इतिहासवेडा
वसईच्या केळ्यांचा विषय होता तो. संदर्भ होता. हलके घ्या.

आजीची_पेटी
घंटेवरून आठवलं, धाग्याला उपयोग नाही बहुतेक. माझी आजी माझगावला राहायची, खिडकीतून चर्चचा मनोरा दिसायचा. बाराची घंटा झाली की आजी कुकर लावायची. घड्याळ होतं घरात, पण तिचा घंटेवर विश्वास. दरवर्षी एका शुक्रवारी जेवायला उशीर व्हायचा आणि आजोबा चिडायचे, "आज काय, तुझ्या देवाला सुट्टी आहे का?" मला कितीतरी वर्षं कळलंच नव्हतं की त्या दिवशी घंटाच होत नाही.

वसई_वारा
बरोबर आहे आजीचं! आज्ञागुरुवारच्या मिस्सेत ग्लोरिया या स्तुतिगीताला शेवटची घंटा होते, मग शनिवारी रात्रीच्या ईस्टर जागरणाच्या ग्लोरियापर्यंत गप्प. आंजेलस प्रार्थनेची सकाळ-दुपार-संध्याकाळची घंटापण नाही. गरज पडली तर लाकडी खटखटं वाजवतात.

अर्धी_कादंबरी
झोप येत नाहीये म्हणून परत आले. तिसऱ्या प्रकरणातलं वाक्य टाकते, हसू नका. हिशेबवाला पोलिसांना सांगतो: "मी घरीच होतो हो साहेब. बाराची घंटा कानावर आली तेव्हा ताट वाढत होते." म्हणजे हीसुद्धा चूकच माझी.

आजीची_पेटी
अहो, ती चूक तशीच ठेवा! फक्त ती तुमची नको, त्याची होऊ दे.

वसई_वारा
अगदी हेच लिहायला आलो होतो. घरी असता तर घंटा नसल्याचं त्याला कळलं असतं. तो दुसरीकडे कुठेतरी होता आणि रोजच्या सवयीने बोलून गेला. आणि बाईंना ते लक्षात का येतं? कारण त्या दिवशी त्यांचा कुकर उशिरा लागला!

अर्धी_कादंबरी
अंगावर काटा आला. पण मग वाइन? विष?

जागा_तिथे_जीव
विष सोडा हो. मनोऱ्याचा जिना आहे ना? फादर पायथ्याशी सापडतात. पाय घसरला असं सगळे म्हणतात.

वसई_वारा
आणि त्या दिवशी फादर मनोऱ्यावर का गेले, हाच पहिला प्रश्न. घंटा वाजवायचीच नाही तर वर जायचं कारण काय? कुणीतरी बोलावून नेलं. ताई, तुमची सत्तावीस पानं वाया गेली नाहीत, सात गेली असतील.

नियमावली
एक तक्रार. वाचकाला हे आधी कळायला हवं. नाहीतर शेवटी 'गुड फ्रायडेला घंटा नसते' म्हटलंत तर अर्ध्या वाचकांना फसवल्यासारखं वाटेल. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम लिहिले आणि गंमत म्हणजे ते स्वतः कॅथलिक पाद्री होते. छडा लावणाऱ्याला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, हा त्यातलाच.

अर्धी_कादंबरी
पहिल्या प्रकरणात बाईंचा रोजचा कुकर टाकते. दुसऱ्यात त्याच दिवशी मिस्टर कुळकर्णी जेवायला उशीर म्हणून कुरकुरतात. कारण सांगायचंच नाही. चालेल?

नियमावली
चालेल. पण आडनाव एकच ठरवा. वर कुलकर्णी लिहिलंत, इथे कुळकर्णी.

गिरगावची_गॅलरी
मला अजूनही शंका आहे. खुनी चर्चचे हिशेब बघतो, मग गुड फ्रायडेला घंटा नसते हे त्याला माहीत नसेल?

वसई_वारा
माहीत असतंच. पण खोटं बोलताना माणूस रोजचं बोलतो. आणि हा नुसता हिशेबापुरता येतो, पवित्र सप्ताहात कधी पायरी चढलेला नाही, असं एक वाक्य आधी टाका. खाचाखोचांसकट माहीत असलेल्या गोष्टी माणसाला घाईत आठवत नाहीत. आमचे एक नातेवाईक दरवर्षी गुड फ्रायडेला "किती वाजताची मिस्सा?" विचारतात. साठी उलटलीय.

कायद्याचं_बोला
फक्त या घंटेवर कोर्टात शिक्षा होणार नाही, एवढं नोंदवतो. दुसरा पुरावा लागेल. हिशेबाची वही, किंवा जिन्यावर त्याला पाहिलेला कुणी.

अर्धी_कादंबरी
कोर्टापर्यंत जात नाहीये मी. चहाला बोलावून बाई विचारतात, "त्या दिवशी घंटा ऐकलीत ना तुम्ही?" आणि तो बशीत सांडतो. बास. वसई_वारा, आजीची_पेटी, तुमचे उपकार कसे फेडू.

आजीची_पेटी
कुकरच्या शिट्ट्या तीन ठेवा. आजीच्या तीनच असायच्या.

इतिहासवेडा
घंटेवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली दाखवा निदान. एक ओळ. पुढील लेखनाला शुभेच्छा.

उशिरा_आलेला
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण वाइनमध्ये घालायचं असेल तर चव लपेल असंच काहीतरी घ्या.