पिन विसरलाय, बोट चालतंय: आधी फोन बंद पडू देऊ नका

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय: भावजी जहाजावर, संपर्क नाही, घरच्या अँड्रॉइडचा पिन कुणालाच ठाऊक नाही, पण ताईंच्या बोटाने तो उघडतो, बॅकअप कसा घ्यावा?

फोन आत्ताच चार्जरला लावा, जवळ पॉवर बँक ठेवा. पावसात वीज गेली आणि बॅटरी संपली तर संपलंच; रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिनच लागतो, तोवर डेटा कूटबद्ध (म्हणजे वाचता न येणाऱ्या रूपात कुलूपबंद) राहतो आणि कॉम्प्युटरला आतलं काही दिसत नाही. शिवाय शेवटचा पिन टाकल्यापासून 72 तासांत तो पुन्हा मागितला जातोच, म्हणजे हातात थोडाच वेळ आहे. बोट कोरडं करूनच टेकवा. मासळी धुतल्या हाताने पुन्हापुन्हा प्रयत्न केलेत तर फोन थेट पिनवर जाईल.

केबलने फोन कॉम्प्युटरला जोडा, फोन उघडा, नोटिफिकेशनमध्ये 'फाइल ट्रान्सफर' निवडा. आधी डीसीआयएम (कॅमेऱ्याच्या फोटोंचा) फोल्डर कॉपी करा, मग 'अँड्रॉइड' फोल्डरमधल्या 'मीडिया'च्या आतला व्हॉट्सअ‍ॅपचा. महत्त्वाच्या गप्पा 'एक्स्पोर्ट चॅट'ने वेगळ्या काढा.

गूगलच्या क्लाउड बॅकअपवर विसंबू नका. नव्या फोनवर तो उतरवताना जुन्या फोनचा पिन विचारतात. बोटाचा ठसा क्लाउडवर जात नाही, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग शून्य. नवा पिन ठेवायलाही जुनाच लागतो.

आयफोनवाल्यांचं याहून कठीण: कॉम्प्युटरवर बॅकअप घेताना पासकोड लागतोच, चेहरा चालत नाही. फोटो एअरड्रॉपने (अ‍ॅपलच्या उपकरणांत बिनतारी फाइल पाठवण्याची सोय) काढा.