मदत हवी आहे: गॅरेजमधलं जळकं ऑइल नेमकं कुणाला द्यायचं? (सिंथेटिकसुद्धा)

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात हमरस्त्याला लागून आमचं गॅरेज आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. चारचाकी आणि ट्रॅक्टर दोन्हीची कामं असतात. महिन्याला शंभर-सव्वाशे लिटर जळकं ऑइल निघतं, म्हणजे दोन महिन्यांच्या आत एक बॅरल भरतं. आजवर एक ओळखीचा माणूस टेम्पो घेऊन यायचा, रोख पैसे द्यायचा आणि बॅरल न्यायचा. कागद कसलाच नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री बॅरलचं झाकण उघडं राहिलं. चूक माझीच. पावसाचं पाणी तळाला गेलं, ऑइल वर आलं आणि काठावरून सांडत राहिलं. सकाळी फाटकापासून उतारावरच्या विहिरीपर्यंत काळा ओघळ गेलेला. शेजारच्या काकूंनी भरलेली कळशी आणून माझ्यासमोर ठेवली. पाण्यावर जांभळा-हिरवा तवंग होता आणि वास तर ओळखीचाच. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आम्ही लाकडाचा भुसा टाकून ऑइल टिपलं, दोनदा विहीर उपसली, तरी पंधरा दिवस त्यांच्या घरी टँकरचं पाणी जात होतं.

त्यानंतर टेम्पोवाल्याला पहिल्यांदाच विचारलं, हे पुढे जातं कुठे? काही सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला, काही वीटभट्टीत जाळायला, आणि उरलेलं "साफ करून परत डब्यात". तेव्हापासून त्याला ऑइल देणं बंद केलंय. आता दोन बॅरल भरून पडलीत आणि तिसरं निम्म्यावर आलंय.

मी वाचलंय ते असं: घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम या ऑइलला लागू आहेत. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी आली. पहिल्या वर्षी ५ टक्के, मग वाढत वाढत ५० टक्के. हे मला मनापासून पटतं. ज्यानं विकलं त्यानं परत न्यायची सोय करावी. पण ती सोय आमच्या फाटकापर्यंत कशी येते, हे कुठे सापडत नाही. जळकं ऑइल शुद्ध करणाऱ्या एका नोंदणीकृत कारखान्याला फोन केला तर म्हणाले, एवढ्याशासाठी गाडी पाठवणं परवडत नाही.

तर विचारायचं हे की, आसपासच्या सहा-सात गॅरेजचं ऑइल माझ्या शेडमध्ये एकत्र ठेवलं तर चालेल का? आणि हल्ली निम्म्या गाड्यांत फुल्ली सिंथेटिक असतं, त्याला वेगळं बॅरल लागतं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १ (तळोजाकर)

वंगण तेलाच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

सिंथेटिक वेगळं ठेवायची गरज नाही. नियमातल्या 'वापरलेलं तेल' या व्याख्येत सिंथेटिक तेल असलेली मिश्रणंही येतात. मूळ तेल सहजी झिजत नाही; संपतात ती त्यातली रसायनं, आणि वर काजळी, पाणी, धातूचा चुरा जमतो. चांगल्या कारखान्यात आधी पाणी आणि पेट्रोल-डिझेलचा अंश उडवतात, मग निर्वात पात्रात ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे हवा काढलेल्या भांड्यात तापवून त्याची वाफ करतात आणि ती पुन्हा थंड करतात. त्यातून दोन्ही प्रकारचं तेल पुन्हा मिळतं. जुन्या पद्धतीत गंधकाम्ल आणि माती वापरायचे. त्यातून आम्लयुक्त डांबरासारखा गाळ उरतो आणि तो मूळ तेलापेक्षा घातक. तुमचा टेम्पोवाला "साफ करून" म्हणतो ते बहुधा हेच, किंवा नुसतं गाळणं.

वेगळं ठेवायचं ते दुसरंच. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल, त्याचं बॅरल निराळं हवं. कूलंटही त्यात नको. आणि पोरं सुटे भाग रॉकेलमध्ये धुऊन ते रॉकेल याच बॅरलमध्ये ओततात, ते आधी थांबवा. डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं ऑइल कुणी स्वस्तात किंवा फुकट आणून दिलं तरी घेऊ नका. त्यात पीसीबी नावाचं विषारी रसायन निघालं तर सगळं बॅरल बाद होतं.

प्रतिसाद २ (बारातेराचा पाना)

दादा, दुसऱ्यांचं ऑइल स्वतःच्या शेडमध्ये साठवू नका. तसं केलं की तुम्ही गोळा करणारे ठरता आणि त्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर लागते. आमच्या भागात आम्ही असं केलं: नोंदणीकृत गोळा करणाऱ्याला एकच दिवस ठरवून दिला, त्याची गाडी आठ गॅरेज फिरली. प्रत्येकाचं ऑइल प्रत्येकाच्या दारात मोजलं आणि प्रत्येकाचं मॅनिफेस्ट, म्हणजे घातक कचरा कुणी दिला आणि कुणी नेला याचा कागद, वेगळं, फॉर्म १०. त्यावर वाहतूकदाराची सही घेऊन पिवळी प्रत स्वतःकडे ठेवायची. पैसे टेम्पोवाल्यापेक्षा कमी मिळाले, हे खरं आहे.

साठवायची मुदत ९० दिवस असते. वर्षाला दहा टनांच्या आत असणाऱ्यांना राज्य मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. तुमचं वर्षाचं दीड टनही भरत नसेल, तेव्हा अर्ज करा. तोवर बॅरल छपराखाली, सिमेंटच्या कट्ट्यावर, भोवती वीतभर उंचीचा बांध घालून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रॉकेलचं अगदी खरं आहे, आमच्याकडेही तेच चालायचं. आजच त्याला वेगळा डबा केला आणि वर रंगानं लिहिलं. कट्ट्याचं काम गवंडी सोमवारी सुरू करतोय. आसपासच्या गॅरेजवाल्यांशी बोललो, चौघे तयार आहेत. दोघे म्हणाले, टेम्पोवाला लिटरमागे जास्त देतो, आम्ही का सोडावं? त्यांना रविवारी विहिरीवर घेऊन जाणार आहे. काकूंनाही सांगितलंय.

एक राहिलं: ऑइल फिल्टर रात्रभर पालथे घालून निथळले तरी आत थोडं ऑइल राहतंच. ते भंगारात देता येतात का, की त्यांचीही नोंद करावी लागते? कुणी फिल्टर रीतसर देत असेल तर जरूर सांगा.