पीओ, एएसएन आणि जीआरएनचा डेटा डीबीटी टेस्टला जोडलाय, पण रोज खोटे इशारे येतात

पुरवठा_डेटा
भिवंडीच्या गोदामात येणाऱ्या पॅकबंद मालाचा डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये गोळा होतो. पीओ (खरेदी ऑर्डर) कंपनीच्या एसएपी एस/४ हाना प्रणालीमधून, पुरवठादारांच्या एएसएन (माल पाठवल्याची आगाऊ सूचना) एसएफटीपी सर्व्हरवर सीएसव्ही फायलींनी, आणि माल उतरवल्याच्या जीआरएन नोंदी पुन्हा एसएपीतूनच. रात्री २ वाजता लोड, मग डीबीटी (डेटाबेसमधला डेटा घडवणारं आणि तपासणारं साधन) टेस्ट. नॉट नल (जागा रिकामी नाही), युनिक (दुबार नाही), रिलेशनशिप्स (दुसऱ्या टेबलशी दुवा जुळतो) या तयार टेस्ट आहेत, आणि तिन्हीकडची संख्या जुळते का हे बघणारी एक आमची स्वतःची. तयार टेस्ट जवळजवळ नेहमी हिरव्या असतात. आमची रोज लाल, आणि तपासलं तर बहुतेक ओळी ठीक निघतात. उलट एका पुरवठादाराच्या फायली सलग चार दिवस आल्या नव्हत्या, ते कुठल्याच टेस्टने सांगितलं नाही. सुरुवात कुठून करू?

एसक्यूएल_कट्टा
आधी संख्येच्या टेस्टचं बघा. तीन गोष्टी तपासा, याच क्रमाने.

एकक. पीओ १० बॉक्सचा, एएसएन २४० नगांची, जीआरएन २४० नगांचा, म्हणजे व्यवहार बरोबर आणि टेस्ट लाल. एसएपीच्या ईकेपीओ (पीओच्या ओळींच्या) टेबलमधली संख्या ऑर्डरच्या एककात असते. तिला यूएमआरईझेड कॉलमने गुणून यूएमआरईएन कॉलमने भागलं की मूळ एकक मिळतं (इथे २४ आणि १). एमएसईजी (मालाच्या हालचालींच्या) टेबलमधलं एमईएनजीई, म्हणजे संख्या, मूळ एककातच असतं, त्याला हात लावू नका. एएसएनच्या फायलीत एककाचा कॉलम नसेल तर पुरवठादाराकडून तो मागून घ्या. संख्येवरून अंदाज बांधणारा कोड कधीतरी गोत्यात आणतोच.

उलट नोंदी. समजा १०१ या हालचाल प्रकाराने १८० नग आत घेतले, चूक कळली म्हणून १०२ ने १८० रद्द केले, पुन्हा १०१ ने १६० घेतले. सरळ बेरीज ५२० येते, गोदामात आहेत १६०. एसएचकेझेडजी कॉलम बघा: एस असेल तर अधिक, एच असेल तर उणे. हालचाल प्रकार १०१, १०२, १२२ आणि १२३ चारही घ्या. पुरवठादाराला परत केलेला माल १२२ मध्ये असतो आणि तोच बहुतेक वेळा गाळला जातो.

पातळी. एका पीओ ओळीवर अनेक एएसएन आणि अनेक जीआरएन असतात. तिन्ही टेबलं थेट जोडली की ओळी गुणाकाराने वाढतात. प्रत्येक टेबल आधी पीओ क्रमांक आणि ओळ क्रमांकावर एकत्र करा, त्यानंतरच जोडा. ईकेपीओच्या एलओईकेझेडमध्ये एल (रद्द केल्याची खूण) असलेल्या ओळी वगळा. ईएलआयकेझेड (डिलिव्हरी पूर्ण झाल्याची खूण) लागलेली ओळ कमी संख्येवरही पूर्ण धरली जाते. जास्त मालाची मर्यादा यूईबीटीओमध्ये टक्क्यांत असते, तीच टेस्टमध्ये वापरा. सगळ्यांना सरसकट ५ टक्के लावलेत तर खरेदी विभागाने ठरवलेल्या अटींशी टेस्टचा मेळ बसणार नाही.

गोदामनोंद
वरचं सगळं बरोबर, पण निम्मा घोळ फाईल टेबलात शिरण्याआधीच झालेला असतो. एएसएनसाठी दारावरच वेगळी तपासणी हवी. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स (डेटा तपासणीची पायथन लायब्ररी) वापरा नाहीतर साधी पायथन स्क्रिप्ट, चालेल.

बारकोडचं उदाहरण घ्या. पुरवठादाराने फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की ८९०१२३४५६७८९० चं ८.९०१२३ई+१२ होतं, आणि लोड करताना ते ८९०१२३००००००० बनतं. तरीही १३ अंकीच, म्हणजे लांबीची टेस्ट पास. नल नाही, म्हणून नॉट नलही पास. पकडतो तो फक्त शेवटचा तपास अंक. पहिल्या १२ अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा: मूळ कोडची १३० येते, पुढची दहाची पट १३०च, म्हणून तपास अंक ०. बिघडलेल्या कोडची ४९ येते, म्हणजे अंक १ हवा आणि फायलीत ० आहे. अशी ओळ बाजूला काढा आणि पुरवठादाराला त्याच दिवशी परत पाठवा. एसएससीसीचा (खोक्या-पॅलेटवरच्या क्रमांकाचा) १८वा अंकही तपास अंकच आहे, फक्त तिथे डावीकडून पहिला गुणक ३ घ्यायचा.

अर्धवट फाईल ही दुसरी डोकेदुखी. अपलोड चालू असतानाच तुमचा जॉब ती उचलतो आणि ४०० ओळींच्या २६० येतात. पुरवठादाराने तात्पुरत्या नावाने फाईल चढवावी आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलावं, शिवाय शेवटच्या ओळीत एकूण ओळींची संख्या द्यावी. दोन्ही आग्रहाने मागा.

दुरुस्त केलेली एएसएन बऱ्याचदा त्याच क्रमांकाने पुन्हा येते. क्रमांक आणि फाईल आल्याची वेळ मिळून की (ओळ ओळखण्याची खूण) करा आणि सर्वात नवी आवृत्ती पुढे न्या. फक्त क्रमांकावर युनिक लावली तर योग्य दुरुस्तीही लाल दिसेल.

पुरवठा_डेटा
एककाचं लगेच तपासलं, बऱ्याच ओळी तिथेच सुटल्या. पण एएसएन आलीय आणि माल अजून रस्त्यात आहे, अशा ओळींचं काय? आणि फायली बंद झाल्याचं कसं कळणार? सोर्स फ्रेशनेस (डेटा किती ताजा आहे हे बघणारी डीबीटीची तपासणी) लावलेलं आहे, तरी ते हिरवंच होतं.

खरेदी_खातं
रस्त्यातल्या मालाला टेस्टमध्ये अट घाला: अपेक्षित पोच तारीख अधिक सवलतीचे दिवस उलटल्यावरच ओळ तपासायची. सवलतीचे दिवस पुरवठादाराच्या कारखान्यानुसार ठेवा. एकाच पुरवठादाराचा माल पुण्याहून आणि तमिळनाडूतून येत असेल, तर जीएसटीआयएनचे (जीएसटी नोंदणी क्रमांकाचे) पहिले दोन अंक २७ आणि ३३ असे वेगळे असतात, तिथून कारखान्याचं राज्य कळतं. पण दोन्ही जीएसटीआयएन एकाच कंपनीचे आहेत हे बघायचं तर ३ ते १२ क्रमांकाची अक्षरं, म्हणजे पॅन, जुळवा.

फ्रेशनेस हिरवं राहिलं कारण ते पूर्ण टेबलमधली सर्वात ताजी वेळ बघतं. बाकीचे पुरवठादार फायली पाठवत असले की एकाचं बंद होणं त्यात बुडून जातं. पुरवठादारनिहाय शेवटच्या फायलीची वेळ काढणारं छोटं मॉडेल करा आणि ते प्रत्येकाच्या ठरलेल्या वेळापत्रकाशी ताडा. सुरुवात पुरवठादारांच्या मास्टर यादीपासून करून लेफ्ट जॉइन करा, नाहीतर ज्याची एकही फाईल आलेली नाही तो यादीतूनच गायब होईल. रविवार आणि सुट्ट्या कॅलेंडर टेबलमधून वगळा.

तयार टेस्टच्या हिरवेपणावरही विसंबू नका. रिलेशनशिप्स टेस्ट नल ओळी सोडून देते. पीओ क्रमांकच नसलेली एएसएन तिच्यातून बिनबोभाट जाते, म्हणून त्याच कॉलमवर नॉट नल हवीच. एसएपीतून निवडक ओळी उचलत असाल तर दोन कॉलम बघा. ईकेकेओ (पीओच्या मुख्य नोंदींच्या) टेबलमधलं एईडीएटी ही नोंद तयार झाल्याची तारीख आहे, बदलाची नाही. आणि जीआरएन बीयूडीएटीवरून (पोस्टिंगच्या तारखेवरून) उचललात तर मागच्या तारखेने टाकलेल्या नोंदी सुटतात, सीपीयूडीटी (नोंद प्रत्यक्ष टाकल्याची तारीख) घ्या.

इशाऱ्यांची पातळी वेगळी करा. की आणि एकक यांच्या टेस्टना एरर: डीबीटी बिल्ड चालवलंत तर ती मोडल्यावर पुढची मॉडेलं आपोआप थांबतात. संख्येतल्या फरकाला वॉर्न (फक्त इशारा, काम थांबत नाही), आणि एरर-इफ लावून ठरावीक ओळींच्या वर गेल्यावरच एरर. स्टोअर-फेल्युअर्स चालू करा म्हणजे नापास ओळी टेबलात मिळतील. मात्र प्रत्येक रनला ते टेबल नव्याने लिहिलं जातं, कालच्या ओळी हव्या असतील तर रन संपताच तारखेसकट दुसरीकडे उतरवून ठेवा.