शोकस्थळांचं पर्यटन: देशाने याची बाजारपेठ करावी का?

वाकडीवाट (धागाकर्ता)
'डार्क टुरिझम' हा शब्द १९९६ साली लेनन आणि फोली या अभ्यासकांनी रूढ केला, पण तुरुंग, रणभूमी, छळछावण्या पाहायला लोक त्याआधीपासून जातातच. २०१९ साली आउशवित्झला (पोलंडमधली नाझींची छळछावणी) २३ लाख लोक गेले, अणुभट्टी फुटली त्या चेर्नोबिलला लाखावर. समुद्रकिनारे बऱ्याच देशांकडे असतात. शोकस्थळं असलेल्या देशाने लाजू नये. मार्ग आखावेत, वाटाडे तयार करावेत, तिकीट लावावं. नाहीतर ती वास्तू पडते आणि जागेवर बिल्डर येतो.

जुनीपाटी
आउशवित्झला प्रवेश फुकट आहे हो. पैसे वाटाड्याचे. उदाहरण तुमच्यावरच उलटलं!

वाकडीवाट
मान्य, गल्लत झाली. पण गावातल्या हॉटेलांना, बसवाल्यांना पैसा मिळतोच ना?

कोरडेपान
कंबोडियातलं 'चोएंग एक' बघा, ख्मेर रूज राजवटीने हजारो माणसं मारून पुरली ती जागा. २००५ साली तिथला कारभार एका परदेशी खासगी कंपनीला ३० वर्षांच्या कराराने दिला. जोराचा पाऊस झाला की तिथल्या मातीतून आजही हाडं आणि कपड्यांच्या चिंध्या वर येतात. याला बाजारपेठ म्हणायला जीभ कशी वळते?

दूरचादिवा
मी हिरोशिमाचं संग्रहालय पाहिलंय. तिथे एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे. ती ज्याची, ते अणुबॉम्बमध्ये गेलेलं मूल चार वर्षांचंही नव्हतं. बापाने सायकल त्याच्यासोबत अंगणात पुरली आणि ४० वर्षांनी उकरून संग्रहालयाला दिली. काचेसमोर कोणी बोलत नव्हतं. तिकीट नाममात्र होतं, खटकलं नाही. खटकतं ते दुकान. न्यूयॉर्कच्या ९/११ संग्रहालयात २०१४ साली अमेरिकेच्या नकाशाच्या आकाराची चीज वाढायची बशी विकायला होती, हल्ल्याच्या जागी बदामाची खूण! ओरड झाल्यावर काढली म्हणा. पण उत्पन्नाचं टार्गेट आलं की अशा बशा येणारच.

जुनीपाटी
+१. आणि छावणीकडे जाणाऱ्या रुळांवर तोल सावरत फोटो काढणारे? २०१९ साली आउशवित्झ संग्रहालयालाच त्यांना टोकावं लागलं.

वाकडीवाट
म्हणजे लोक येणारच, म्हणून तर आखणी हवी! आणि कंबोडियातल्याच तुओल स्लेंग या ख्मेर रूजच्या तुरुंगाच्या (आता संग्रहालय) आवारात, तिथून वाचलेले म्हातारे स्वतः टेबल टाकून आपली पुस्तकं विकत बसायचे. त्यांनाही जीभ कशी वळते विचारणार?

कोरडेपान
नाही. पण त्यांनी मांडलेलं टेबल आणि सरकारी खात्याने दिलेलं कंत्राट एकच का?

वाकडीवाट
नाही. मग कंत्राटातच त्यांचा वाटा लिहा. मी त्यालाच बाजारपेठ म्हणतोय.